थोरल्याचा मान

मानापानाची मानसं म्या लय पाह्यली. आहेराचा टावेल पातळ निघाला म्हनून मांडवातून उठून यष्टीत जाऊन बसलेले मामे पाह्यले, पत्रिकेत नाव खाली छापलं म्हनून दोन वर्सं बोलले न्हाईत असे चुलते पाह्यले. पन मशीनीचा मान राखनारा मानूस अख्ख्या परभनी जिल्ह्यात एकच असंल, आन ते म्हंजे माझ्या नंदेचे दीर. मी त्यायला भावजी म्हनते, ते मला वैनी म्हनतेत. पालमच्या अलीकडं आमचं गाव, गावाच्या माळावर संस्थेचं कॉलेज. माझे मालक लवकर गेले, तवा नंदेनं शबुद टाकून मला तिथं लावलं. मी झाडलोट करते, पान्याचे माठ भरते, आन भावजी तिथल्या कंप्युटरच्या खोलीचे कारभारी. माझं वय झालं, पन झाडू काई सुटला न्हाई. भावजीचंही वय झालं, पन त्यायचं मानापानाचं याड काई सुटलं न्हाई.

यष्टीत चढले तर ते बसायचे न्हाईत, जवर गाडीतलं सगळ्यात वयाचं मानूस बसत न्हाई. आता वय काय कुनाच्या कपाळावर लिवलेलं नसतंय, म्हनून हे इचारत फिरायचे. गंगाखेडच्या स्ट्यांडावर एका बाईला वय इचारलं तर तिनं चपलाची पिशवी उगारली. तवापासून ते परभनीपर्यंत उबंच जायाचे, म्हनायचे, "उबं ऱ्हायलेलं बरं, चुकून कुनाचा मान मोडायचा." च्याचं तसंच. खोलीत चार मानसं बसली तर थोरल्यानं घोट घेतल्याबिगर हे कपाला हात लावनार न्हाईत. थोरलं मानूस गप्पिष्ट निघालं की भावजीचा च्या गार. आयुष्यभर त्यायनं गार च्या पेला, आन गरम च्या पुढं केला तर जीभ भाजून घ्यायचे.

बोरीला आमच्या एका सोयऱ्याचं लग्न व्हतं. पंगत बसली, पानं वाढून झाली, वरनाची बादली निघाली, आन भावजीनं मदीच हात वर केला. का, तर मांडवाच्या बाहीर एक पांढऱ्या मिशाचं म्हतारं एकटंच उबं. वाढपी थांबले, पंगत थांबली, नवरदेवाचा बाप पळत आला. भावजीनं त्या म्हताऱ्याचा हात धरून आनलं, पाटावर बसवलं, गंध लावलं, टोपी घातली, आन पह्यला घास त्याला घ्यायला लावला. मंग पंगत चालू झाली. जेवन झाल्यावर म्हतारं म्हनलं, "लय चांगलं झालं बाबा, पन माझी बकरी दिसली का कुनाला?" ते नवऱ्याकडचंही नव्हतं आन नवरीकडचंही नव्हतं. बकरी हुडकायला आलतं. भावजी म्हनले, "मंग काय झालं, वयानं तर थोरलं व्हतं."

हे याड त्यायच्यात आलं त्यायच्या भावावरून. थोरला भाऊ म्हंजे माझे नंदवई. आईबाप लहानपनीच गेलेले. थोरल्यानं जिनिंगात गठानी उचलल्या आन धाकट्याला परभनीला रेडिओ-टीव्हीचं काम शिकायला घातलं. घरात ताट आलं की पह्यलं थोरल्याम्होरं जायाचं, हे भावजीच जातीनं बगायचे. थोरल्याम्होरं ताट ठिवायचे, हात जोडायचे, मंगच सोता बसायचे. थोरले गेले, त्यालाही आता लय दिवस झाले. पन भावजीचे हात जोडायचे ऱ्हायले ते ऱ्हायलेच. मानूस ऱ्हायलं न्हाई म्हनून ते मशीनीला जोडायला लागले.

कंप्युटरच्या खोलीत तीन डबे हायेत, काळे, हिरवे दिवे लुकलुकनारे. कॉलेजातल्या पोराचे सगळे कागद, टीसी, मार्कमेमो, त्यातून भाईर मिळतेत. पह्यला डबा आला त्याचं नाव भावजीनं ठिवलं थोरला. शेवटी आला तो धाकटा. मदी, यंदाच्या उन्हाळ्याच्या थोडं आदी, आली ती कोठी. मी खोली झाडायची तवा ते मला समजून सांगायचे, आन मी ऐकायची, कारन न ऐकावं तर त्यायला वाटायचं आपला मान ठिवला न्हाई. म्हनायचे, "वैनी, हे लग्नाच्या पंगतीवानी हाय बगा. थोरला आन धाकटा दोगं वाढपी. सगळे कागद कोठीत. कुनी फोनवर कागद मागितला की ह्यो कोठीतून घेतो आन वाढतो. दारात एक बसवनारा असतो, मशीनीतच, दिसत न्हाई. ते ठरवतंय कोन कुनाच्या वळीत बसंल. एकदा थोरल्याच्या वळीत बसवलं की त्या दिवशी त्याला थोरलाच वाढनार. वाढपी उबा हाय तवर वळ बदलत न्हाई."

म्या म्हनलं, "आन थोरल्याची बादली रिती असली तर?"

"वैनी," ते म्हनले, "थोरल्याची बादली रिती कशी असंल?" आन त्यायनं थोरल्यावरची धूळ सोताच्या उपरन्यानं पुसली. माझ्या हातात फडकं असून.

आता कोमलचं सांगते. ती माझी नात. ल्योक आन सून पुन्याकडं इटभट्टीवर ऱ्हातेत, पोरीची शाळा सुटू न्हाई म्हनून तिला मी ठिवून घेतली. माझ्या हातानं दुसऱ्याचं आंगन झाडून म्या तिला शिकवली, त्यात रडायसारकं काई न्हाई, बाया तेच करतेत. ती बारावीला चांगल्या मार्कानं पास झाली आन तिला नांदेडला नर्सिंगला नंबर लागला. दसरा झाला, आन दसऱ्याच्या पाठोपाठच कागद दाखवायचा शेवटचा दिवस. पाच वाजेपर्यंत खिडकी. कागद खरा ठरला तर जागा पक्की, न्हाई तर खालच्या पोरीला. कोमल पहाटंच्या यष्टीनं गेली. मी तिला भाकर बांधून दिली आन कॉलेजात आले.

दुपारी तिचा फोन आला. आवाज लहान झालता.

"आजी, कागद उघडंना."

"कागद तर तुज्या हातात हाय की."

"हातातला चालत न्हाई. कागदावर तो काळ्या ठिपक्याचा चौकोन हाय ना, तो हे लोक मशीनीनं बगतेत. मंग आपल्या कॉलेजाकडून कागद आपोआप उघडला पायजे. तवाच खरा. हितं नुसतं पांढरं येयलंय. खिडकीतला मानूस म्हनतोय, तुजं कॉलेज तरी खरं हाय का?"

"फोटो पाठीव म्हनावं."

"फोटो घेत न्हाईत, आजी. फोटो कुनीबी बनवतंय म्हने. माज्या मागची पोरगी म्होरं ढकलायलीय. मी खिडकीचा गज धरून उबी हाय."

म्या म्हनलं, "गज सोडू नको," आन कंप्युटरच्या खोलीकडं गेले. पळाले न्हाई. पळून गुडघ्याचं वाटोळं झालं असतं, कामही झालं नसतं.

खोलीच्या भाईर व्हरांड्यात अगोदरच मानसं जमलती. कुनाची पोरगी परभनीला, कुनाचं पोरगं औरंगाबादला, सगळ्यायचं एकच, कागद कुनाला येतोय, कुनाला येत न्हाई. आन भावजी दारात उबं राहून म्हनायलेत, "एक एक बोला. आदी वयानं कोन मोठं हाय?"

मला पाहून ते बाजूला सरकले. "या वैनी, तुमी आदी."

म्या सांगलं. ते आत जाऊन आपल्या कंप्युटरवर बसले, कोमलचं नाव टाकलं, आन कागद उघडला की लगेच. कोमलचा फोटो, सही, शिक्का. "हे बगा, माझ्याइथं उघडायलंय. नांदेडच्या लोकायचं नेट खराब असंल."

"भावजी, भाईर मानसं उबी हायेत, ती काय नांदेडची न्हाईत."

त्यायनं वायर काढून परत लावली. पुन्ना बगितलं, उघडायलंय. कागदाची फाइल हुडकली, जाग्यावर हाय. घड्याळात साडेतीन व्हऊन गेलते. व्हरांड्यातून एक बाई म्हनली, "आवो दादा, तुमच्या खोलीत उघडून आमाला काय उपेग?" भावजीला ती बाई वयानं मोठी वाटली असंल, म्हनून ते उटून भाईर गेले आन म्हनले, "सगळे वळीत बसा."

"आमी काय जेवायला आलोत का?"

"बसा तर. पंगतीवानी."

आन त्यायनं खरंच पंगत बसवली. व्हरांड्याच्या भिंतीला पाठ लावून, थोरले म्होरं, धाकटे मागं. त्यातही दोन म्हताऱ्यायची कोन थोरलं यावर बोलाचाली झाली, तेवढ्यात माझ्या फोनवर कोमलचा दुसरा फोन येऊन गेला. म्या उचलला न्हाई. सांगायला काई असंल तर उचलावं. पंगत बसली तसं भावजी एकाएकाम्होरं बसले आन म्हनले, "काढा फोन. उघडा कागद. एकानं उघडला की दुसऱ्यानं." पह्यल्याचा पांढरा. दुसऱ्याचा कागद आला. तिसऱ्याचा पांढरा. चौथ्याचा आला. वळीच्या शेवटापर्यंत तसंच, एक भरलेलं, एक रितं. ज्याचं पांढरं त्यानं परत परत दाबलं तरी पांढरंच.

भावजी उकिडवेच बसले व्हते, ते खाली फरशीवर टेकले. म्हनले, "दोन वाढप्यातल्या एकाकडं कायबी न्हाई."

"कोनाकडं?" म्या इचारलं.

"कोनाकडं म्हंजे. धाकट्याकडं." इचारही केला न्हाई त्यायनं. घरात दूध सांडलं तर ते धाकट्यानंच सांडलेलं असतंय, तसं. आत गेले आन धाकट्याला धाडकन बंद केलं. ना हात जोडला, ना काई. मंग दारातून तोंड काढून म्हनले, "आता बगा."

व्हरांड्यातला एक बाप म्हनला, "माझा येत व्हता, तो पन गेला." मंग दुसरा. मंग सगळ्यायचंच पांढरं. जे कागद येत व्हते तेही गेले. आतल्या कंप्युटरवर कोमलचा फोटो व्हता तिथंही पांढरं. भावजीचं तोंड त्या कागदावानी झालं. धाकटा बंद, म्हंजे वाढायला एकटा थोरला, आन पंगतीत एकाच्याही पानात काई न्हाई.

त्यायनं धाकट्याला परत चालू केलं. मशीन उटायला वखत लागतो, दिवे लाल, मंग पिवळे. ते थोरल्याम्होरं उबे ऱ्हायले आन पुटपुटायले, "असं व्हनारच न्हाई. ह्याच्याकडंच कसं नसंल?"

माझा फोन परत वाजला. कोमल म्हनली, "आजी, खिडकीतला मानूस उटलाय. म्हनतोय च्या पिऊन येतो, आल्यावर शेवटचं एकदा बगतो. मंग त्या पोरीचं घेतो."

"बरं," म्या म्हनलं, आन भावजीकडं बगितलं. "भावजी, आता काय करायचं ऱ्हायलंय?"

"काई न्हाई, थोरल्याला बंद करायचं. मंग सगळे आपोआप धाकट्याच्या वळीत जातील. कोमलबी."

"मंग करा की."

ते हलेनात. बटनापाशी हात नेला आन मागं घेतला. तोंडातल्या तोंडात म्हनले, "वैनी, इतक्या मानसायदेखत थोरल्याला उटवून धाकट्याला बसवायचं?"

मला त्या घडीला राग यायला पायजे व्हता, पन आला न्हाई. ते हात म्या वळखत व्हते. त्याच हातानं ते थोरल्याम्होरं ताट ठिवायचे. म्या म्हनलं, "त्याच्याकडं वाढायला काई न्हाई, भावजी. रिती बादली घेऊन त्याला पंगतीत उबं करायलात, ह्यो मान हाय का? बसू द्या त्याला."

त्यायनं डोईवरची टोपी नीट केली. हात जोडले. थोरल्याला म्हनले, "दादा, तुमी जरा टेका." आन बटन दाबून धरलं. थोरला जुना, लवकर ऐकंना. त्याचा पंखा घुमत ऱ्हायला, घुमत ऱ्हायला, आन मंग हळू हळू थांबला. खोली लय शांत झाली. धाकट्याचा दिवा अजून पिवळाच. व्हरांड्यातून कुनीतरी इचारलं, आता काय दाबायचं. मी माठातलं पानी फुलपात्रात घेतलं आन भावजीम्होरं धरलं, त्यायनं घेतलं न्हाई, वयानं मी मोठी म्हनून. मंग म्या एक घोट घेतला आन उरलेलं त्यायच्या हातात दिलं. ते पेत व्हते तवा दिवा हिरवा झाला.

पह्यली ती बाई वरडली, जिला उपेग कळत नव्हता. तिचा आला. मंग शेजारच्याचा आला. वळीत दर फोनवर कागद. पन माझा फोन गपच व्हता. च्या पेयला किती वखत लागतो मानसाला? म्या भिंतीवरचं घड्याळ बगितलं न्हाई. खोलीत केर नव्हता तरी म्या एक कोपरा झाडला.

फोन वाजला.

"आजी, उघडलं." एवढंच म्हनली ती. मागून शिक्का मारल्याचा आवाज आला, मंग ती रडली. मी न्हाई रडले. तिला म्हनलं, "आता गज सोड, आन भाकर खा."

मानसं गेली. ऊन कललं तरी भावजी खोलीतच. म्या च्या नेला. ते दोन्ही हातात डोकं धरून थोरल्याम्होरं बसलेले. म्हनले, "वैनी, मला घावलं. मीच केलं."

खांडेनवमीला त्यायनं तिन्ही डबे बंद केलते. अवजाराला एक दिवस इस्वाटा पायजे, ही त्यायची रीत. हळदीकुकू, झेंडूचा हार, नारळ, दसऱ्याला आपट्याची पानं. ते म्याच आनून दिलते झेंडू. मंग दसऱ्याच्या सांजंला परत चालू केलं ते मानाप्रमानं. पह्यला थोरला. मंग कोठी. मंग धाकटा. दर वर्साला पह्यला थोरलाच उटायचा, पन आदी काई बिगडायचं न्हाई, कारन आदी थोरल्याच्या पोटातच त्याचे कागद व्हते. यंदा सगळं कोठीत गेलं. थोरला उटला तवा कोठी बंद व्हती. त्यानं हात घातला, काई लागलं न्हाई, आन ते तसंच रिकाम्या हातानं पंगतीत उबं ऱ्हायलं. धाकटा मागून उटला, तवर कोठी उघडलेली, त्याला सगळं मिळालं.

"मान दिला म्हनून ते उपाशी ऱ्हायलं, वैनी," ते म्हनले. "आन बोललं पन न्हाई. दिवा हिरवाच व्हता त्याचा."

म्या च्या म्होरं सरकवला. मंग ते आपल्याच तंद्रीत म्हनले, "दादाम्होरं मी ताट ठिवायचो ना, तर ते म्हनायचे माझं भाईर झालंय, आन दोन घास खाऊन ताट माझ्याकडं सारायचे. मला वाटायचं केवढा मोठेपना. जिनिंगात भाईर कुठं काय मिळत व्हतं? म्या ताट ठिवलं, हात जोडले, पन कवा इचारलं न्हाई की दादा, खरंच खाल्लं का."

आमच्या नंदेलाही हे म्हाईत व्हतं, मलाही. घरातल्या बाया डब्यात किती पीठ हाय ते बगतेत, त्यायला समजतं. पन ते त्या दिवशी त्यायला सांगून काय उपेग व्हता. म्या म्हनलं, "च्या गार व्हतोय. मी घेतला, आता तुमी घ्या." आन त्यायनं पह्यल्यांदा गरम च्या पेला, जीभ न भाजता.

मंग ते उटले. आदी कोठी चालू करून ठिवली. तिचे दिवे सगळे हिरवे झाले ते दोन येळा बगितले. मंग थोरल्याला उटवलं, आन त्याला कागद मागून पाह्यला, कोमलचाच. आला. तवा कुठं त्यायनं हात जोडले. तवापासून त्या खोलीत तीच रीत. हात जोडायचे ते सोडले न्हाईत त्यायनं, फक्त शेवटी जोडतेत. यष्टीत अजून उबेच जातेत. मानसाचं सगळं कुठं बदलतंय.

कोमल आता नांदेडला हॉस्टेलात ऱ्हाती. आयतवारी फोन करती, लवकर ठिवती, तिकडं पोरी बोलावतेत. घरात मी एकटी. एकटीसाठी चूल पेटवायचा कवा कंटाळा येतो, कवा पेटवते, कवा न्हाई. कुनी इचारलं तर मी म्हनते झालं माझं. दिवा माझाही हिरवाच असतोय.

भावजी आयतवारी येतेत. आदी यायचे तर उंबऱ्याच्या भाईर चपला काढून, वाकून पाया पडायचे, बसा म्हनल्याबिगर बसायचे न्हाईत, आन वैनी बऱ्या हायेत म्हनून निगून जायाचे. आता चपला काढतेत, आन पाया पडायच्या आदी सरळ आत येऊन भाकरीच्या दुरडीवरचं फडकं उचलून बगतेत. दुरडीत असलं तर मंग पाया पडतेत. नसलं तर पिठाचा डबा काढून माझ्याम्होरं ठिवतेत आन चुलीपाशी बसून काटक्या मोडायला लागतेत.